स्वेटरवालीची दहा गाणी

रविवारी दुपारी चार ते पावणेपाच या वेळात काका फोन उचलत नसत. मुलीचा असला तरी नाही. दाराची बेल वाजली तरी उठत नसत. घर दाखवताना त्यांनी मला जे नियम सांगितले, त्यात हा तिसरा होता. पहिला, बूट गराजमध्येच काढायचे. दुसरा, थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही. मी तिन्ही वहीत लिहून घेतले. ते पाहून त्यांनी एक भुवई वर केली. हा त्यांचा आनंद, हे मला पुढे कळलं.

"लिहून घेणारी माणसं बरी," ते म्हणाले. "बाकीचे लक्षात ठेवतो म्हणतात आणि बूट घालून आत येतात."

मी तेव्हा नागपूरहून अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला नवीनच आले होते. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा परदेशी नोकरी. सासूबाईंचं ऑपरेशन आणि मुलाची दहावी, म्हणून नवरा आणि मुलगा मागेच राहिले होते. काकांच्या घरातली वरची खोली मला ऑफिसातल्या एकाने सुचवली. सुचवताना तो म्हणाला होता, "काका चांगले आहेत, पण थोडे स्टॅम्पवाले आहेत." मी त्याचा अर्थ विचारला नाही. पहिल्याच आठवड्यात तो कळला.

काकांनी डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं तपासनीस म्हणून काम केलं होतं. निवृत्त होताना त्यांनी ओळखपत्र, कॅलिपर, कपाटाची किल्ली, सगळं परत केलं; तीन रबरी शिक्के तेवढे घरी आणले, कारण ते त्यांनी स्वतः करून घेतले होते. हिरवा ओके, लाल रिजेक्ट आणि निळा होल्ड. हे शिक्के स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलेले असत. लोणच्याच्या बरणीवर ओके. गळणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यावर रिजेक्ट. पिकायला ठेवलेल्या आंब्यांच्या खोक्यावर होल्ड. मी राहायला आल्यावर पाचव्या दिवशी माझ्या खोलीच्या दारावर चिठ्ठी दिसली. तिच्यावर निळा शिक्का होता. ओके व्हायला सात आठवडे लागले.

नापास वस्तूबद्दल त्यांचा एक कायदा होता. "रिजेक्ट झालेला पार्ट फेकायचा नाही. ज्याने केला त्याच्याकडे परत पाठवायचा, कारण लिहून. नाहीतर त्याला कळणार कसं?"

या कायद्यापायी महाराष्ट्र मंडळात त्यांना कोणी फारसं बोलवत नसे. दिवाळीला एका काकूंनी घरोघरी पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. काकांनी दोन खाल्ल्या आणि उरलेल्या चार मूळ डब्यात घालून परत पाठवल्या. डब्यावर लाल शिक्का, खाली चिठ्ठी: "कडा जाड, मध्य पातळ. सहाही नगांत तोच दोष. लाटणे तपासावे." त्या काकू त्यांच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. काकांना याचं खरोखर नवल वाटत असे. "लाटण्याबद्दल लिहिलं होतं मी. त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही."

"काका, पण दोन खाल्ल्यात ना?"

"दोन सॅम्पल घ्यावेच लागतात."

एकट्या माणसाला रविवार नीट आखावा लागतो. मी कपडे धुणं, आठवड्याच्या भाज्या चिरून ठेवणं, नागपूरला व्हिडिओ कॉल, इस्त्री असं सगळं तासवार लावलं होतं. तरी चार वाजता यादी संपायची. नागपुरात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असायची. खिडकीबाहेर बर्फ आणि त्यात कोणाच्या तरी गाडीच्या चाकांच्या दोन रेघा. अशा वेळी खालून, हीटिंगच्या जाळीतून, ते गाणं वर यायचं. एक बाई गायची. आवाजात काही खटपट नव्हती. शेजारच्या खोलीत कोणी घडी घालता घालता स्वतःशी बोलावं तसं. मागे मऊ कीबोर्ड, हळू ड्रम, मधेच थोडा सॅक्सोफोन. भाषा कळत नव्हती. मी आधी काम करता करता ऐकायची, मग काम थांबवून, आणि नंतर नंतर सरळ जाळीशेजारी कार्पेटवर आडवी पडून.

एकदा जेवताना काका म्हणाले, "जाळीला कान लावून ऐकण्यापेक्षा खाली येऊन बस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"गेले चार रविवार चार वाजता वर पावलं थांबतात."

खाली दोन खुर्च्या होत्या. उजवी त्यांची. डावीवर घडी घातलेली एक शाल असे आणि तिच्यावर बसायचं नव्हतं. मला जिन्याची तिसरी पायरी मिळाली. "तिथे दोन्ही स्पीकर सारखे पोचतात," त्यांनी मोजूनच सांगितलं.

रेकॉर्ड जपानी होती. कव्हरवर पिवळा स्वेटर घातलेली एक तरुण बाई खिडकीला टेकून बाहेर पाहते आहे, चेहरा अर्धाच दिसतो. कडेला जपानी अक्षरं छापलेली कागदाची पट्टी होती. ती पट्टीही काकांनी इतकी वर्षं सांभाळली होती. गाणी तिनेच लिहिलेली, चालीही तिच्याच. तिचं नाव मला पुढे कळलं, पण त्या घरात ती स्वेटरवालीच होती. हे नाव काकूंनी, काकांच्या पत्नीने, ठेवलेलं. काकूंना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

रेकॉर्ड आली कशी, हे काका वर्षातून एकदा सांगत असावेत. मला एकदाच ऐकायला मिळालं. तरुण असताना कारखान्याने त्यांना मोजमापाची यंत्रं शिकायला तीन महिने जपानला पाठवलं होतं. शुद्ध शाकाहारी माणूस, भाषा शून्य. खोलीवर भात शिजवायचा आणि सांगलीहून आलेल्या मेतकुटाशी खायचा. खोलीची भिंत पातळ. पलीकडे कोणीतरी सुट्टीच्या दिवशी चार वाजता ही रेकॉर्ड लावायचं. कोण, ते त्यांनी कधी पाहिलं नाही. बाई की बुवा, तेही माहीत नाही. तीन महिने हाच एक शेजार. निघायच्या आदल्या दिवशी ते रेकॉर्डच्या दुकानात गेले आणि काउंटरसमोर उभं राहून त्यांनी ती चाल गुणगुणली.

"तुम्ही? गायलात?"

"गायलो नाही. सॅम्पल दिलं." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "दुकानदार वाकला आणि सरळ आत जाऊन ही घेऊन आला. आपण ते काम बरोबर केलं होतं."

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, ही बाई म्हणते काय? काकांनी सांगितलं, मला काय माहीत. तर काकू म्हणाल्या, मग आपणच ठरवू.

आणि त्यांनी ठरवलं. एका हिवाळ्यात, दर रविवारी थोडं थोडं. काका कारखान्यातला मोठा तपासणी तक्ता घरी घेऊन आले आणि त्याच्यावर काकू सांगतील तसं लिहीत गेले. हा तक्ता रेकॉर्डच्या कव्हरमध्येच असे. मी तो पाहिला तेव्हा कागद घड्यांवर फाटायला आला होता. तीन रकाने: गाणे क्रमांक, आशय, शेरा. एक: बाई नव्या घरात आली आहे, भिंतींना रंगाचा वास येतो. शेरा: रंग तिच्या पसंतीचा नाही. तीन: बाजारात वांगी चांगली नव्हती, तरी घेतली. शेरा: आता रस्सा करावा लागणार. चार: जाऊबाई टोचून बोलल्या. शेरा: सोडून द्यावे. नऊ: कपडे वाळत घातले आहेत, आभाळ आलं आहे, तरी बाई उठत नाही. शेऱ्याचा रकाना तिथे कोरा होता, पण काकांनी मला त्याचं सांगितलं. अमेरिकेत आल्यावर काकूंनी पहिल्याच उन्हाळ्यात मागच्या अंगणात दोरी बांधली आणि साडी वाळत घातली. आठवड्यात वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं: बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. दोरी काढली. पुढे बेसमेंटमध्ये बांधली, पण तिथे ऊन कुठलं?

"या गाण्याला ती काही बोलायची नाही," काका म्हणाले. "नुसती ऐकायची."

एरवी गाणं चालू असताना ते आशय मोठ्याने म्हणत. तिसरं लागलं की डाव्या खुर्चीकडे पाहून, "वांगी घेतलीच." चौथ्याला, "सोडून दे." मला आधी हे ऐकताना अवघडल्यासारखं व्हायचं. दोन महिन्यांत मीही पायरीवर बसून मनात तेच म्हणायला लागले. वांग्याच्या गाण्यात तो सॅक्सोफोन जिथे येतो, तिथे मला खरंच बाजाराची पिशवी दिसायची.

तक्त्यात दहाव्या ओळीला मात्र काहीच नव्हतं. आशय नाही, शेरा नाही.

"हे का कोरं आहे?"

"ती म्हणाली, नंतर ठरवू."

मी यादी करणारी बाई आहे. कोरा रकाना मला खड्यासारखा टोचतो. आज लिहिताना मला त्या ओळीचा अर्थ लख्ख दिसतो, पण तेव्हा दिसली ती फक्त एक राहिलेली नोंद. काकांचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला होता. त्यांना द्यायचं काय? स्वेटर तीन होते. गोड चालत नव्हतं. मी ठरवलं, दहावं गाणं पूर्ण करून द्यायचं.

काका दाताच्या डॉक्टरकडे गेले असताना मी कव्हरमधल्या छापील गाण्यांचे फोटो काढले आणि फोनवर भाषांतर केलं. काम अर्धवट करायची सवय नाही, म्हणून एकाऐवजी दहाही गाण्यांचं केलं. फोनवर भरवसा नको म्हणून ऑफिसातल्या एका जपानी सहकारी बाईंना जेवणाच्या सुट्टीत बसवून शब्द न् शब्द तपासून घेतला. मग तक्ता टाइप केला: गाणे क्रमांक, काकूंचा आशय, खरा आशय. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. वाढदिवसाच्या रविवारी पावणेचारला तो त्यांच्या हातात दिला आणि पायरीवर जाऊन बसले. ते भुवई वर करतील म्हणून मी वाट पाहत होते.

त्यांनी चष्मा लावला. पेन्सिलीचं टोक एकेका ओळीखालून फिरवत गेले.

"एक नंबर. ती शहर सोडून चालली आहे? गाडीने?"

"हो. पहाटेची."

"हं. म्हणजे नवीन घर नाही." पेन्सिल खाली गेली. "तीन नंबरमध्ये फोनवर संबंध तोडते आहे?"

"हो काका."

"वांगी कुठेच नाहीत?"

"नाहीत."

"पडताळून पाहिलंस?"

"दोन ठिकाणी," मी अभिमानाने म्हणाले. "ऑफिसातल्या जपानी बाईंनी प्रत्येक ओळ तपासलीय."

त्यांनी सगळा तक्ता शेवटपर्यंत वाचला. मग तो पुन्हा फोल्डरमध्ये सरकवला. प्लेअरवर ठेवलेली रेकॉर्ड उचलून कव्हरमध्ये घातली. चार वाजले होते.

"रिपोर्ट चांगला केलास," ते म्हणाले आणि बर्फ काढायला बाहेर गेले. त्या दिवशी बर्फ पडलंच नव्हतं.

त्यानंतरचे रविवार माझ्या वहीत आहेत. तारीख आणि पुढे "नाही". तारीख, "नाही". पाचव्या रविवारी मी चार वाजता पायरीवर जाऊन बसले. काका उजव्या खुर्चीत पेपर वाचत होते.

"काका, एक सांगायचं होतं. ते भाषांतर... फोनचं काही खरं नसतं. आणि त्या बाई इथेच वाढलेल्या, त्यांचं जपानी तितकंसं..."

त्यांनी पेपर खाली केला. "पडताळणी झाली होती ना?"

"हो, पण..."

"मग? मोजमाप चुकलं असेल तर पुन्हा मोजायचं. बरोबर असेल तर खोटं लिहायचं नाही. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाही." पेपरची घडी घालत ते म्हणाले, "तुझी चूक नाही गं. मध्ये एकदा लावून पाहिली होती, तू ऑफिसला गेल्यावर. आता त्या बाईचं ऐकू यायला लागलंय. हिचं येत नाही."

मी वर गेले. जाळीतून नुसती गरम हवा येत होती.

अकराव्या रविवारनंतरच्या आठवड्यात मी ते घर सोडलं. ओहायोत डब्लिनला नवी नोकरी मिळाली होती आणि घरचे सगळे यायचे होते. काकांनी खोली तपासली, कपाटाच्या आतून बोट फिरवलं आणि दाराच्या चिठ्ठीवरच्या जुन्या ओकेशेजारी दुसरा ओके मारला. निघताना मी वाकून नमस्कार केला तेव्हा म्हणाले, "टायरमधली हवा बघितलीस का?"

डब्लिनमध्ये घर भरलं. नवरा, मुलगा, सासूबाई, त्यांच्या औषधांच्या वेळा. यादी आता चार वाजता संपत नव्हती. तरी रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी मी काकांना फोन करायची. खरं सांगायचं तर तब्येत विचारायला नव्हे. मला तपासायचं होतं. आणि दर वेळी पहिल्या घंटेला फोन उचलला जायचा. "बोल." मी हवापाण्याचं बोलायची, तेही बोलायचे. मागे काहीच वाजत नसायचं. फोन ठेवून मी वहीत "नाही" लिहायची. नवऱ्याने एकदा विचारलं, कसली नोंद आहे ही? मी म्हटलं, एक काम बिघडवलंय, त्याची.

एका संध्याकाळी मुलगा डिशवॉशर रिकामा करत होता, फोन ओट्यावर ठेवून. त्यातून तो सॅक्सोफोन आला. मी कांदा चिरायची थांबले.

"हे कुठून मिळालं तुला?"

"इट जस्ट केम अप, आई. ओल्ड जपानीज स्टफ. सो चिल, ना?" त्याने स्क्रीन पाहिली. "शी'ज ब्रेकिंग अप विथ समवन. ऑन द फोन."

"नाही," मी म्हणाले. "वांगी घेते आहे. चांगली नाहीत, तरी घेते आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या कांद्याकडे पाहिलं आणि समजुतीने फोन बंद केला.

ट्रॉय सोडून वर्ष होत आलं असताना पोस्टाने एक मोठं पाकीट आलं. काकांचं अक्षर. आत माझाच तक्ता होता, फोल्डरसकट. सोबत पत्र नव्हतं, ख्यालीखुशाली नव्हती. मी तो ओट्यावर पसरला.

पहिल्या ओळीपुढे लाल शिक्का. रिजेक्ट. दुसऱ्या ओळीपुढे रिजेक्ट. पुढे तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या ओळीलाही. प्रत्येक शिक्क्याशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात कारण, जसं असायला हवं तसं. तिसऱ्यापुढे: "आशय अचूक. परंतु या घरात चालणार नाही. वांगीच ठेवावीत." चौथ्यापुढे: "समुद्रात पोहणे? जाऊबाई बऱ्या." आठव्यापर्यंत हेच. दहाव्या ओळीपुढे निळा होल्ड आणि काहीही लिहिलेलं नाही.

नवव्यापुढे हिरवा शिक्का होता.

त्या गाण्याचा मी टाइप केलेला खरा आशय असा होता: बाल्कनीत कपडे वाळत आहेत, समुद्रावरून ढग येत आहेत, भिजू देत, आज मी उठणार नाही. तपासून घेताना दोन्ही रकाने जुळतात हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी फक्त रकाने भरत होते. काकांनीही ते बहुधा बऱ्याच महिन्यांनी पाहिलं असावं, तिथवर पुन्हा पोचल्यावर. शिक्क्याशेजारी पेन्सिलीने तीन शब्द होते.

"हिला कसं कळलं?"

तो कागद मी बराच वेळ ओट्यावरून उचलला नाही. सासूबाईंची संध्याकाळची गोळी त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा दिली गेली.

पुढच्या रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी मी फोन लावला. घंटा वाजत राहिली. आठ वेळा. पुन्हा चार पंधराला लावला. कोणी उचलला नाही. आता मला आनंद व्हायला हवा होता, पण पंचाहत्तरी उलटलेला माणूस, एकटा, जिन्याचं घर. मी वही उघडली आणि लिहायला लागले: शेजारी, त्यांची मुलगी, ट्रॉयचं ऑफिस. शेजाऱ्यांचा नंबर शोधत असतानाच चार सत्तेचाळीसला माझा फोन वाजला.

"चार वाजता कोणी फोन करतं का?" काका ओरडत होते. "तुला नियम माहीत नाही? लिहून घेतला होतास ना?"

"चुकलं काका."

"एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी ती वहिनीशी भांडत होती... जाऊबाईशी. नीट ऐकूही आलं नाही."

"आणि दहावं?"

"ते राहू दे. त्याची काही घाई नाही," ते म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.